खाडीचा केसपेपर: तारापूरच्या पाण्याची पन्नास वर्षांची हिस्टरी

"डॉक्टर, खाडीतली चिंबोरी खाल्ली तर चालेल का?"

पालघर-बोईसर भागात दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हा प्रश्न नवीन नाही. कधी तो गरोदर सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई विचारतात. कधी पायाला खाज सुटलेला खलाशी औषध घेऊन उठता उठता विचारतो. प्रश्न छोटासा आहे, पण त्याचं उत्तर "हो" किंवा "नाही" इतकं सोपं नाही.

आम्ही डॉक्टर लोक औषध लिहिण्याआधी रुग्णाची हिस्टरी घेतो. त्रास कधीपासून आहे, आधी काय झालं होतं, कोणाकोणाला दाखवलं, कोणती औषधं घेतली? आज तशीच हिस्टरी आपल्या खाडीची घेऊ. ती वाचल्यावर वरच्या प्रश्नाचं उत्तरही नीट कळेल, आणि हा आजार एवढी वर्षं का रेंगाळला तेही कळेल.

कायदा आधी आला, कारखाने नंतर

अनेकांना वाटतं की पूर्वी प्रदूषणाचे कायदेच नव्हते, म्हणून कारखान्यांनी पाणी खराब केलं. तारापूरच्या बाबतीत तसं नाही.

महाराष्ट्राने जलप्रदूषण रोखण्याचा स्वतःचा कायदा १९६९ सालचा केला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. संपूर्ण देशासाठीचा केंद्राचा जल कायदा त्यानंतर, १९७४ साली आला. म्हणजे या बाबतीत आपलं राज्य देशाच्या पुढे होतं.

तारापूरचं अणुऊर्जा केंद्र १९६९ साली सुरू झालं. बोईसरजवळची तारापूर औद्योगिक वसाहत १९७२ सालची. पहिला कारखाना उभा राहिला तेव्हा कायदा होता आणि तो राबवणारं मंडळही होतं.

पुढे इथे रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद अशा सगळ्या प्रकारचे मिळून हजाराहून अधिक उद्योग आले. त्यांनी रोजगार दिला हे खरंच आहे. बोईसर हे छोटं स्टेशन शहर झालं ते या वसाहतीमुळे. आज किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत वडील होडीवर जातात आणि मुलगा कारखान्यात शिफ्टला जातो. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ याच घरात आहे.

वसाहतीच्या पश्चिमेला समुद्र आहे आणि मधे खाड्या. नवापूर, दांडी, आलेवाडी, मुरबे, खारेकुरण, सातपाटी ही गावं पिढ्यान् पिढ्या या पाण्यावर जगतात. सातपाटीचा सरंगा, म्हणजे आपलं पापलेट, सगळीकडे प्रसिद्ध आहे. २०२३ साली सरकारने पापलेटला 'राज्य मासा' हा दर्जा दिला, त्यासाठी सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्थांनीच पाठपुरावा केला होता. कारखान्यातून निघालेलं पाणी शेवटी या गावांच्या दारात येणार, हे नकाशा बघणाऱ्या कुणालाही पहिल्या दिवसापासून दिसत होतं.

पाणी आजारी पडतं म्हणजे नेमकं काय होतं?

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ.

आपल्या रक्तात जसा ऑक्सिजन असतो तसा पाण्यातही विरघळलेला असतो. मासा कल्ल्यांनी तोच घेतो. साधारणपणे एक लिटर पाण्यात चार मिलिग्रॅमच्या खाली ऑक्सिजन गेला की बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो. फारच खाली गेला की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडतात आणि मरतात.

हा ऑक्सिजन जातो कुठे? सांडपाण्यात कुजणारा मैला, अन्न, साबण आणि रसायनं असतात. ते कुजवण्याचं काम जिवाणू करतात आणि त्या कामासाठी त्यांना ऑक्सिजन लागतो. घाण जितकी जास्त तितका जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन जास्त आणि माशांसाठी उरतो तो कमी. अहवालांमध्ये तुम्ही 'बीओडी' हा शब्द वाचला असेल. जिवाणूंना घाण कुजवायला किती ऑक्सिजन लागेल, त्याचं ते माप आहे. 'सीओडी' म्हणजे जिवाणूंना न पचणारी रसायनंही धरून केलेलं माप. बीओडी कमी आणि सीओडी खूप जास्त असेल, तर पाण्यात जिवाणूंना न पचणारं रसायन बरंच आहे असं समजावं.

कारखान्यांचं पाणी स्वच्छ करण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्र असतं. त्याला सीईटीपी म्हणतात. प्रत्येक कारखान्याने आपलं पाणी आधी ठरलेल्या मर्यादेपर्यंत शुद्ध करायचं आणि मग ते या केंद्राकडे पाठवायचं, अशी व्यवस्था आहे. केंद्रातल्या मोठ्या टाक्यांमध्येही काम करतात ते जिवाणूच. आता तुम्ही कधी जोरदार अँटिबायोटिक घेतल्यावर पोट बिघडल्याचा अनुभव घेतला असेल. औषधाने आतड्यातले चांगले जिवाणूही मरतात, म्हणून ते होतं. अगदी तसंच, एखाद्या कारखान्याने शुद्ध न करता विषारी किंवा फार खारं पाणी सोडलं, तर टाकीतले जिवाणू मरतात आणि सगळ्यांचंच पाणी अर्धवट शुद्ध होऊन बाहेर पडतं. नव्व्याण्णव कारखान्यांनी नियम पाळले तरी शंभरावा एकटा टाकी बिघडवू शकतो.

तारापूरच्या जुन्या केंद्राची क्षमता दिवसाला अडीच कोटी लिटर होती. वसाहत वाढली तशी ती अपुरी पडली. पुढे दिवसाला पाच कोटी लिटरचं नवं केंद्र उभारावं लागलं. टाकीत मावत नाही ते पाणी कुठे जातं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आजार एक, केसपेपर दहा

समजा एका रुग्णाला मधुमेह आहे. डोळ्यांचा डॉक्टर फक्त डोळे बघतो, किडनीचा डॉक्टर फक्त किडनी, पायाची जखम तिसराच कोणी बांधतो, आणि कोणीही दुसऱ्याचा कागद वाचत नाही. त्या रुग्णाचं काय होईल? पुरेसे डॉक्टर असूनही तो खंगत जाईल.

खाडीचं तसंच झालं.

मासे कोणत्या दिवशी मेले, तेव्हा भरती होती की ओहोटी, पाण्याला वास कसला होता, हे मच्छीमाराला माहीत असतं. चिखलात उभं राहून कालवं आणि शिंपल्या काढणाऱ्या बाईला माहीत असतं की कोणत्या महिन्यात पाय जास्त चिरतात. रात्रपाळीच्या कामगाराला माहीत असतं की कोणता व्हॉल्व्ह कधी उघडतो. प्रक्रिया केंद्राच्या अभियंत्याला माहीत असतं की आज टाकीत काय येऊन पडलं. मंडळाकडे नमुन्यांचे आकडे असतात. डॉक्टरच्या वहीत त्वचेचे, पोटाचे आणि दम्याचे रुग्ण असतात. आदेश काढण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे असतो.

प्रत्येकाकडे आजाराचा एकेक तुकडा. पण हे सगळे एकत्र बसत नव्हते, आणि बसले तरी एकमेकांवर विश्वास नव्हता. मच्छीमाराला वाटायचं, सगळे कारखानदारांचे मिंधे आहेत. कामगाराला भीती, की कारखाना बंद पडला तर चूल बंद होईल. नियम पाळणारा उद्योजक म्हणायचा, दुसऱ्याच्या पापाची शिक्षा मला का? आणि आम्ही डॉक्टर? आम्ही मलम लिहून देत होतो. रुग्ण काय काम करतो, कोणत्या पाण्यात उभा राहतो, हे केसपेपरवर लिहायचं आम्हीही टाळलं. मी स्वतः कितीतरी वर्षं ते लिहिलेलं नाही.

जपानमधल्या एका खाडीची गोष्ट

आधीच स्पष्ट सांगतो, आपली खाडी म्हणजे मिनामाता असं मला म्हणायचं नाही. रसायनं वेगळी, परिस्थिती वेगळी. पण तुकड्यांत वाटलेल्या आजाराचं काय होतं, हे तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं.

जपानच्या दक्षिणेला मिनामाता नावाचं किनाऱ्यावरचं गाव आहे. तिथे चिस्सो नावाच्या कंपनीचा रसायनांचा कारखाना होता. अर्धं गाव कारखान्यावर जगायचं आणि अर्धं मासेमारीवर. आधी मांजरं झिंगल्यासारखी वेडीवाकडी नाचून मरू लागली. मग माणसांचे हातपाय थरथरू लागले, बोलणं अडखळू लागलं, नजर अरुंद झाली. १ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच दवाखान्यातले डॉ. होसोकावा यांनी या अनोळखी आजाराची खबर आरोग्य कार्यालयाला दिली.

कुमामोतो विद्यापीठाने १९५९ साली कारण शोधलं: सेंद्रिय पारा. कारखान्याच्या सांडपाण्यातून तो खाडीत, खाडीतून माशांत आणि माशांतून माणसांत जात होता. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी एका मांजराला कारखान्याचं सांडपाणी मिसळलेलं अन्न खाऊ घातलं. मांजराला तोच आजार झाला. कंपनीने हा निष्कर्ष दडवला आणि प्रयोग थांबवले. सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं ते थेट १९६८ साली. मधल्या नऊ वर्षांत पारा खाडीत जातच राहिला. ज्यांना स्वतःला फारसा त्रास नव्हता अशा आयांच्या पोटी मेंदूला इजा झालेली बाळं जन्मली, कारण पारा वारेतून गर्भापर्यंत पोचतो.

१९७३ साली न्यायालयाने कंपनीला दोषी ठरवलं. पण गावातली फूट निकालाने मिटली नाही. रुग्णांनाच लोक टोमणे मारत: तुमच्यामुळे गावाचं नाव खराब झालं, तुमच्यामुळे कारखाना बंद पडेल. शेवटी १९९४ साली तिथल्या महापौरांनी रुग्णांची जाहीर माफी मागितली आणि एक शब्द वापरला, 'मोयाइ नाओशी'. 'मोयाइ' म्हणजे होड्या एकमेकींना दोरीने बांधणं. सुटलेल्या होड्या पुन्हा एकत्र बांधू या, असा त्याचा अर्थ. वादळात एकेकटी होडी भरकटते, बांधलेल्या टिकतात, हे आपल्या कोळी आणि मांगेला बांधवांना मी सांगायची गरज नाही.

खाडीतला पारायुक्त गाळ काढायला तेरा वर्षं लागली. मासे बाहेर जाऊ नयेत म्हणून खाडीच्या तोंडाशी जाळं लावलं होतं, ते १९९७ साली निघालं. पहिल्या खबरीपासून मोजली तर एकेचाळीस वर्षं.

आपल्याकडे गाठ कशी बांधली गेली

आता परत तारापूरला येऊ.

२००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या ८८ औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले. ७० च्या वर गुण म्हणजे 'अतिप्रदूषित'. तारापूर त्या यादीत होतं. २०१८ च्या मोजणीत तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, देशात सर्वाधिक. परीक्षेत असा पहिला नंबर कोणालाच नको असतो.

याच काळात अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेली. किनाऱ्यावरच्या एका मच्छीमार समाजाची ही संघटना. तिच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. मेलेले मासे, रिकामी जाळी आणि वर्षानुवर्षांची आठवण एवढंच तिच्याकडे होतं.

हरित न्यायाधिकरण २०१० च्या कायद्याने अस्तित्वात आलं. तिथे न्यायाधीशांच्या बरोबरीने तज्ज्ञ सदस्य बसतात. २०१९ साली न्यायाधिकरणाने सामायिक प्रक्रिया केंद्राला १० कोटी रुपये अंतरिम भरपाई भरायला सांगितलं आणि नुकसान मोजण्यासाठी समिती नेमली. या समितीत केंद्रीय मंडळाबरोबर नागपूरची 'नीरी' ही पर्यावरण संशोधन संस्था, गांधीनगरची आयआयटी आणि अहमदाबादची आयआयएम होती. व्यवस्थापन शिकवणारी आयआयएम इथे कशाला, असं वाटेल. पण पाणी किती खराब झालं हे मोजलं तरी मच्छीमाराचं किती नुकसान झालं, पाणी पुन्हा नीट करायला किती खर्च येईल आणि तो कोणी किती भरायचा, हा हिशेब कोणीतरी करायलाच हवा होता. रसायनाचा माणूस आणि पैशाचा माणूस पहिल्यांदा एका कागदावर आले.

जानेवारी २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने शंभरहून अधिक कारखाने आणि प्रक्रिया केंद्र यांना मिळून शंभर कोटींहून जास्त भरपाई भरायचा आदेश दिला. उद्योगांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाची वाट लांबची असते. पण एक गोष्ट तोवर घडून गेली होती. जे मच्छीमार तोंडी सांगत होते त्याला अहवालाचा, आकड्यांचा आणि आदेशाचा कागद मिळाला. खाडीला पहिल्यांदा एकच केसपेपर मिळाला.

राज्यभराचं चित्र

हे फक्त तारापूरपुरतं नाही. २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रात होते, सगळ्या राज्यांत जास्त. आणि यात मोठा वाटा कारखान्यांचा नसून शहरांच्या आणि गावांच्या सांडपाण्याचा, म्हणजे तुमच्या-माझ्या घरच्या पाण्याचा आहे. हे कटू असलं तरी खरं आहे.

त्यावर हरित न्यायाधिकरणाने प्रत्येक राज्याला नदी पुनरुज्जीवन समिती नेमायला सांगितलं. पर्यावरण, नगरविकास, उद्योग आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ या चार ठिकाणचे अधिकारी एका टेबलावर. चांगली सुरुवात होती. पण त्या टेबलावर पाण्यात उभा राहणारा माणूस नव्हता.

ती जागा भरायचा एक प्रयत्न २ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून सुरू झाला, 'चला जाणूया नदीला'. राज्यातल्या ७५ नद्यांसाठी सरकारी खात्यांबरोबर नदीवर काम करणारे कार्यकर्ते जोडले गेले. नदीकाठाने चालायचं, लोकांचं ऐकायचं आणि नदीची स्थिती लिहून काढायची, असं त्याचं स्वरूप. म्हणजे नदीची हिस्टरी घ्यायची. सगळीकडे ते सारखं झालं नाही. तरी दिशा बरोबर आहे, कारण निदान रुग्णाला विचारून सुरू होतं.

मग चिंबोरी खायची की नाही?

एवढी हिस्टरी घेतल्यावर आता औषध.

मासे सोडू नका. ते उत्तम प्रथिनं देतात आणि हृदयाला चांगले असतात. पण पुढच्या गोष्टी पाळा:

• मरून तरंगणारे किंवा किनाऱ्याला लागलेले मासे कधीही खाऊ नका, विकू नका, वाळवूही नका.
• कालवं, शिंपल्या आणि तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण त्यांच्या अंगात साठते. कारखान्याचा किंवा गटाराचा नाला मिळतो त्या भागातल्या घेऊ नका. तिथल्या चिखलातली चिंबोरीही टाळा. शिजवल्याने जंतू मरतात, धातू जात नाहीत.
• गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी मोरीसारखे मोठे शिकारी मासे टाळावेत, कारण मोठ्या माशांत पारा जास्त साठतो. खोल समुद्रातले बोंबील, मांदेली असे लहान मासे खायला हरकत नाही.
• खाडीत उतरताना गमबूट घाला. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने आणि साबणाने पाय धुवा. उघडी जखम असेल तर उतरू नका.
• त्वचेचा, पोटाचा किंवा श्वासाचा त्रास घेऊन डॉक्टरकडे गेलात तर न विचारताही सांगा: मी काय काम करतो, कोणत्या पाण्यात जातो. जुने कागद फेकू नका.
• मासे मेलेले दिसले तर तारीख, वेळ, भरती की ओहोटी, रंग आणि वास लिहून ठेवा आणि फोटो काढा. ग्रामपंचायत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय या दोघांनाही लेखी कळवा आणि पोच घ्या. एका माणसाची तक्रार किस्सा ठरते, वीस जणांच्या तारखा जुळल्या की तो पुरावा होतो.
• जुनी औषधं, रंग, थिनर गटारात ओतू नका. सेप्टिक टँक वेळेवर उपसून घ्या.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. आज पालघर-बोईसर रस्त्यावर कोळगावला जिल्ह्याचं मुख्यालय उभं आहे. पूर्वी ज्या कामासाठी ठाणे गाठावं लागायचं, ते आता इथे होतं. दाखल्यासाठी, सातबारासाठी, पेन्शनसाठी तुम्ही तिथे जाताच. मच्छीमार, कामगार, कारखानदार, डॉक्टर आणि अधिकारी या सगळ्यांना बसायला पुरेल एवढं टेबल त्या इमारतीत नक्की आहे.

पुढच्या वेळी कोळगावला जाल तेव्हा खाडीच्या नोंदींची ती वही बरोबर न्या. माझ्या दवाखान्यातल्या केसपेपरवर मी आता 'काय काम करता आणि कोणत्या पाण्यात?' हा रकाना छापून घेतला आहे. तुम्ही आलात की आपण तो मिळून भरू.